ओव्हाळांची दोरी

ललिता ओव्हाळला बोट चालवायला कुणी रीतसर शिकवलं नाही. नवऱ्यानं, रतननं, एका रविवारी स्टिअरिंग तिच्या हातात दिलं, "सरळ जा, वळू नकोस, मागे बघू नकोस," एवढंच सांगितलं आणि पाण्यात उडी टाकली. ती सरळ गेली, पण मागे बघितलंच. बोटीला बांधलेल्या दोरीची मूठ धरून, एका लांब फळीवर दोन्ही पाय रोवून रतन कधी डावीकडे, कधी उजवीकडे अंग झोकून देत होता. पाण्यात लावलेल्या नारिंगी चेंडूंना वळसे घालत येत होता आणि हसत होता. असा हसताना तिनं त्याला घरात कधी पाहिलं नव्हतं. तिला बरं वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली.

हे वेड रतननं अमेरिकेतून आणलं होतं. संगणकांना दोन हजार साल समजेना म्हणून कंपन्यांची धावपळ चालली होती, तेव्हा त्याच्या कंपनीनं त्याला तिकडे पाठवलं. तिथल्या एका सहकाऱ्याच्या नादानं तो तळ्यावर जायला लागला. येरवड्याच्या चाळीत वाढलेला, तिशीपर्यंत पोहता न येणारा हा माणूस दोन उन्हाळ्यांत पाण्यावर उभा राहायला शिकला. परत आल्यावर कर्वेनगरात फ्लॅट घेतला, वडिलांना, म्हणजे बापूरावांना, आपल्याकडे आणलं आणि गोव्याहून एक जुनी मोटरबोट मागवली.

चेंडू नुसते तरंगते नव्हते. त्यांच्याखाली दोन टोकांना दोन जड नांगर, मध्ये ताणून बसवलेली लांबच लांब जाड दोरी, तिला आडव्या जोडलेल्या निळ्या प्लास्टिकच्या नळ्या आणि नळ्यांच्या टोकांना चेंडू, असा सगळा सांगाडा होता. सुटा केला की जीपमध्ये मावायचा. शहराबाहेरच्या एका धरणाच्या फुगवट्यावर तो लावायचा आणि संध्याकाळी काढून आणायचा.

"तिकडे सार्वजनिक तळ्यावर असंच असतं," रतन सांगायचा. "तळं सगळ्यांचं. आपलं काम झालं की आपण उचलायचं."

ते धरण मथुराबाईंचंही होतं. पलीकडच्या वाडीतल्या माणसांना त्या होडीतून अलीकडे एसटीच्या थांब्यापर्यंत आणून सोडत. पहिल्या दिवशी त्या होडी थांबवून बराच वेळ बघत राहिल्या.

"ताई, ही दोरी कुठवर गेली हाय?"

ललितानं हात करून दाखवलं.

"आन् सांच्याला काढता?"

"काढतो ना मावशी. रोज काढतो."

काही महिने खरंच काढली. पण सांगाडा लावायला अर्धी सकाळ जाई आणि काढायला सगळी दुपार. त्यातच रविवारी संध्याकाळी अमेरिकेचे फोन सुरू झाले. एकदा घाईत रतन म्हणाला, "आज राहू दे. चेंडू काढले की दोरी खाली बसते. माणसाच्या उंचीपेक्षा खोल आहे. कुणाला कळणारही नाही." पुढच्या रविवारी आयता लावलेला सांगाडा मिळाला आणि त्याला त्याची चटक लागली.

बापूरावांना हे कळलं तेव्हा ते जेवत होते. सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले बापूराव मोजकंच बोलत. त्यांचे वडील तरुणपणी महाडला गेले होते, ज्या तळ्याला त्यांना हात लावू देत नव्हते त्याचं ओंजळभर पाणी प्यायला. घरात ही गोष्ट फार सांगितली जात नसे. ती सगळ्यांना ठाऊकच होती.

"परवानगी आहे का?" त्यांनी विचारलं.

"बोटीची आहे, बाबा. आणि पाणी सार्वजनिक आहे. आता आपण कुणाला विचारत बसायचं?" रतनच्या आवाजाला धार होती.

बापूराव म्हणाले, "आपल्याला कुणी अडवू नये म्हणून माझा बाप चालत गेला. आपण दुसऱ्याच्या वाटेत दोरी बांधावी म्हणून नाही." मग त्यांनी ताटात हात धुतले. भात तसाच राहिला.

फेब्रुवारीत कालव्याला पाणी सोडलं आणि धरण उतरू लागलं. काठावर चिखलाचा पट्टा दिसायला लागला, दर रविवारी आणखी रुंद. दोरी तळाला बांधलेली. ती होती तिथेच राहिली आणि पाणी हळूहळू तिच्यापर्यंत खाली येत गेलं. एका सकाळी बोटीतून वाकून बघताना ललिताला खाली निळं काहीतरी दिसलं. नळी होती. उन्हाची तिरीप तिच्यावर हलत होती, त्यामुळे ती जिवंत असल्यासारखी वाटली.

"रतन, हे वर आलंय."

"पुढच्या वेळी सैल करू."

पुढच्या वेळी त्यानं तिला सरळ बोट चालवायला सांगितलं.

मग एक म्हैस मेली. फुगून काठाला लागली होती आणि तिच्या मागच्या पायाला करकचून आवळल्याचा वळ होता. वाडीतलं कुणी भांडायला आलं नाही. माणसं वरच्या बांधावर उभी राहून बोटीकडे बघत आणि ललितानं मान वर केली की दुसरीकडे बघत. मथुराबाई होडी वल्हवत जवळून गेल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "पवणारी म्हस हुती."

"म्हशी कशानंही मरतात," रतन जीपमध्ये बसताना म्हणाला. "कुणी काही बोललं का? नाही ना?"

तेच तर ललिताला खात होतं. कुणी काहीच बोलत नव्हतं.

मार्चमध्ये रतन तातडीनं अमेरिकेला गेला. त्याच आठवड्यात धरणाकडून येणाऱ्या दूधवाल्याकडून कळलं की वाडीची जत्रा आलीय आणि पलीकडे जाणारी माणसं होड्या भरभरून जाणार. ललितानं विमा कंपनीतल्या आपल्या ऑफिसात रजा टाकली. ती निघाली तेव्हा बापूराव चपला घालून दारात उभे होते.

"मला पोहता येत नाही," ते म्हणाले. "पण मी काठावर असेन."

मथुराबाईंनी काही न विचारता होडी काढली. लहानपणी पालिकेच्या तलावावर शिकलेलं पोहणं ललिताच्या अंगात होतं. ती बुडी मारी, एक नळी सोडवी आणि वर होडीत देई. पाणी गढूळ, हाताला सगळं बुळबुळीत लागत होतं. दुपारपर्यंत नळ्या निघाल्या. उरली ती नुसती दोरी, दोन नांगरांमध्ये ताणलेली. अलीकडच्या टोकाच्या नांगराची कडी गंजून घट्ट बसली होती, दोरी सुटेना. तिनं मथुराबाईंकडून विळा घेतला, खाली गेली आणि दोरी कापली.

ताण सुटताच दोरी सापासारखी उसळली. तिच्या पोटरीला वेढा पडला, आवळला, आणि तिला आडवं ओढत नेलं. वर हातभरावर उजेड होता. तिला होडीचा तळ दिसत होता. हात पोचत नव्हता. म्हशीला हेच दिसलं असेल, असं तिच्या मनात आलं.

मग डोक्याला जोराचा हिसका बसला. मथुराबाईंनी तिची वेणी मनगटाला गुंडाळली होती आणि होडीत पालथ्या पडून तिचं तोंड तेवढं पाण्यावर धरलं होतं. "काप!" त्या ओरडत होत्या. "विळा हाय ना हातात? काप!" काठावरून बापूराव छातीभर पाण्यात शिरले होते आणि सुनेचं नाव घेत होते. ललितानं आंधळेपणानं विळा ओढला. दोरी तुटली, पोटरीही फाटली.

दोरीचं उरलेलं लांबलचक शेपूट खाली गेलं, जुन्या नदीच्या पात्राकडे, जिथे उन्हाळ्यातही तळ लागत नाही. जत्रेच्या होड्या सुखरूप गेल्या.

फोनवर तिनं सांगितलं तेव्हा रतननं आधी विचारलं, "दोरी मिळाली का?" परत आल्यावर त्यानं तिची पोटरी पाहिली आणि टाक्यांवरून हात फिरवला. बोट त्यानं विकली. नंतर कितीतरी रविवार तो मथुराबाईंच्या होडीत बसून दोरी शोधायला पाण्यात गळ टाकत राहिला. गळाला गाळ लागायचा, फांद्या लागायच्या. बापूराव त्याच्याशी पूर्वीसारखे बोलायला लागले, पण धरणाचा विषय दोघांनीही काढला नाही.

दुसऱ्या वर्षी पाऊस कमी झाला. एप्रिलात धरण इतकं उतरलं की दोरीच्या दुसऱ्या टोकाचा नांगर उघडा पडला. ललिता आणि रतन चिखल तुडवत तिथपर्यंत गेले. नांगर होता. त्याची कडी गंजून तुटली होती, दोरी निघून गेली होती.

मथुराबाई होडी काठाला लावून उभ्या होत्या. "मंग गेली कुठं?" त्यांनी विचारलं.

पलीकडच्या काठावर माणसं खोळंबली होती, हात करून बोलावत होती. मथुराबाईंनी वल्हं पाण्यात घातलं, आधी हळूच, खाली काही लागतंय का ते चाचपत.