न मांडलेली सुधारणा

"माननीय सदस्या आपल्या जागेवर नाहीत," अध्यक्ष म्हणाले.

सदस्या उभ्या होत्या. हातात कागद होता, चष्मा कपाळावर सरकला होता आणि सगळं सभागृह त्यांच्याकडे बघत होतं. मी अध्यक्षांच्या पुढ्यातल्या टेबलाशी बसले होते. मलाही त्या स्वच्छ दिसत होत्या. तरीही अध्यक्षांचं म्हणणं बरोबर होतं. नियमाप्रमाणे सुषमाताई तिथे नव्हत्या.

हे कसं, ते नीट सांगते. विधिमंडळाच्या सचिवालयात, विधेयकांच्या शाखेत मी नोकरी केली. विधेयक म्हणजे कायद्याचा मसुदा. सभागृहाने होय म्हटलं की त्याचा कायदा होतो. आमच्या फणसवाडीतल्या शेजाऱ्यांना निवृत्तीपर्यंत वाटत होतं की मी कायदे करते. आम्ही कायदे करत नाही. कुणी कधी उभं राहायचं, कशावर बोलायचं, काय बोललेलं चालणार नाही, एवढं आम्ही बघतो. लग्न दुसऱ्याचं असतं, आपण फक्त मुहूर्त सांभाळायचा.

त्यातून मी तंद्री लागणारी बाई. त्या सभागृहात ना ऊन येतं ना वारा. दुपारच्या जेवणानंतर विधेयकावर खंडशः, म्हणजे एकेका कलमावर, विचार सुरू झाला की माझे डोळे उघडे असायचे, हात टिपणं काढत असायचा आणि मन भलतीकडे निघून जायचं. "प्रश्न असा आहे की, खंड अमुक विधेयकाचा भाग व्हावा." मग "होय" अशी एक लाट यायची, मग "नाही" अशी बारीक लाट. मग खंड विधेयकाचा भाग झालेला असायचा. संध्याकाळी समुद्राच्या कडेने चालत गिरगावात घरी येताना तेच सूर कानात असायचे. चौपाटीपर्यंत पोचेस्तोवर मला खरंच कळत नसे की लाटा होय म्हणतायत की सभागृह.

ते विधेयक शेतमालाच्या थेट विक्रीचं होतं. शेतकऱ्याला आपला माल शहरात स्वतः विकता यावा म्हणून दादर, परळ, लालबाग अशा भागांत राखीव ओटे द्यायचे. कल्पना चांगली होती. अडचण एवढीच, की खंड दोनमध्ये शेतकऱ्याची व्याख्या होती: ज्याचं नाव सातबाऱ्यावर, तो शेतकरी.

आमच्या वाडीच्या तोंडाशी लताबाई बसायची. वसईकडची. माठ, मेथी, अळू, कधी मोगऱ्याचे गजरे. हे सगळं ती स्वतः पिकवायची. नवरा शिवडीच्या गोदामात कामाला, त्याचा शेताशी संबंध जेवणापुरता. जमीन सासऱ्यांच्या नावावर होती आणि त्यांच्यानंतर नवऱ्याचं आणि दिराचं नाव चढलं. लताबाईचं नाव कुठेच नव्हतं. दादरला ओटा मिळाला तर डोक्यावर छप्पर येईल, म्युनिसिपालिटीची गाडी आली की पाटी उचलून पळावं लागणार नाही, असं तिने मनात पक्कं धरलं होतं. तुमच्या ऑफिसात आमच्या ओट्यांचं कुठवर आलं, असं ती मला रोज विचारायची. मी हसून वेळ मारून न्यायचे. व्याख्या छापून माझ्या टेबलावर आली होती. पण आमच्या नोकरीत बाजू घ्यायची सोय नसते, आणि खरं सांगायचं तर तिला सांगायला माझी जीभही रेटत नव्हती.

मग सुषमाताई आल्या. परळच्या चाळीत वाढलेल्या, शाळेत गणित शिकवायच्या, पहिल्यांदाच निवडून आल्या होत्या. हातात सुधारणेचा मसुदा. सुधारणा म्हणजे विधेयकातला शब्द बदलायची, घालायची किंवा काढायची सूचना. ती लेखी, आदल्या दिवशी द्यावी लागते. ताईंच्या मसुद्यात लिहिलं होतं की हे विधेयक बायकांवर अन्याय करतं, सबब मागे घ्यावं.

मी म्हटलं, ताई, हा विरोध झाला. विरोध करायचा तर मतदानात नाही म्हणायचं. नुसता नकार ही सुधारणा होत नाही.

दुपारी त्या दुसरा मसुदा घेऊन आल्या. कसणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर चढवावं, असा. मला मनातून फार आवडला. पण विधेयक विक्रीचं होतं, जमिनीच्या हक्काचं नव्हतं. सुधारणा विधेयकाच्या कक्षेबाहेर जाऊ शकत नाही. तिसऱ्या मसुद्यात बायकांना सरकारने वाहतुकीचा खर्च द्यावा असं होतं. तिजोरीवर भार पडणार असेल तर राज्यपालांची शिफारस लागते. तोही गेला.

"म्हणजे तोंडाने काय वाट्टेल ते बोला, पण बदलायला मात्र चार शब्दच देणार," त्या वैतागून म्हणाल्या.

"चार शब्द पुष्कळ झाले, ताई. लोक इथे आयुष्यभर बोलतात, त्यांचा एक शब्दसुद्धा कायद्यात जात नाही."

 त्या खुर्ची ओढून बसल्या, पेन काढलं आणि व्याख्येच्या शेवटी घालायला शब्द लिहिले: "किंवा जी व्यक्ती अशी जमीन प्रत्यक्ष कसते ती." मी वाचलं. कक्षेत होतं, नकार नव्हता, खर्च नव्हता. मी नेहमीप्रमाणे चेहरा कोरा ठेवून नोटीस स्वीकारली. त्या दिवशी घरी जाताना लाटा काय म्हणत होत्या ते मी विचारलंच नाही. मला एक पत्र्याचा ओटा दिसत होता, त्यावर लाल माठाच्या जुड्या आणि मागे निवांत पाय पसरून बसलेली लताबाई.

दुसऱ्या दिवशी विधेयक आलं. आधी तत्त्वावर चर्चा झाली. त्यात कांद्यापासून काश्मीरपर्यंत सगळं आलं. चर्चा संपता संपता सुषमाताई आपली जागा सोडून तिसऱ्या रांगेत गेल्या. तिथे मराठवाड्यातले एक ज्येष्ठ सदस्य बसायचे, सत्ताधारी बाकांवरचे, सगळे त्यांना दादा म्हणायचे. शेतीच्या विषयात त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. ताई तिथे बसल्या आणि हळू आवाजात त्यांना समजावू लागल्या. आधी खंड एक येईल, तो होईपर्यंत वेळ आहे, असा त्यांचा हिशेब होता.

गणिताच्या बाई एकपासून मोजतात. सभागृह मोजत नाही. खंड एक म्हणजे कायद्याचं नाव आणि तो कधी लागू होणार ते. मूल जन्मल्याशिवाय बारसं करत नाहीत, म्हणून तो शेवटी घेतात. सुरुवात खंड दोनपासून. नव्या सदस्यांना आम्ही हे सांगतो, ते मानही डोलावतात, पण कानात काही जात नाही.

अध्यक्षांनी खंड दोन पुकारला आणि सुधारणेसाठी ताईंचं नाव घेतलं. त्या होत्या तिथेच उठल्या आणि म्हणाल्या, "अध्यक्ष महोदय, मी माझी सुधारणा मांडते."

सभागृहात प्रत्येक सदस्याची जागा ठरलेली असते. माइक त्या जागेचा, आवाज त्या जागेचा. दुसऱ्याच्या जागेवरून बोललेलं नोंदलं जात नाही. म्हणून अध्यक्ष ते वाक्य म्हणाले, जे मी सुरुवातीला लिहिलं. ताई गडबडीने आपल्या जागेकडे निघाल्या. तेवढ्यात विरोधी बाकांवरून ओरडा झाला, आणि तो थांबवायला अध्यक्ष उभे राहिले. अध्यक्ष उभे राहिले की बाकी सगळ्यांनी खाली बसायचं, चालायचं नाही, हा दुसरा नियम. ताईंना तो नेमका आठवला. त्या मधल्या वाटेतल्या जवळच्या खुर्चीत बसल्या. तीही दुसऱ्याचीच. स्वप्नात आपण ओरडतो आणि घशातून आवाज फुटत नाही, तसं काहीतरी माझ्यासमोर जागेपणी चाललं होतं. बाई दिसत होती, शब्द ऐकू आले होते, आणि दोन्ही नव्हते.

अध्यक्षांनी आमच्या सचिवांकडे पाहिलं. सचिव माझ्याकडे वाकले. "राणेमॅडम, मांडली का हो सुधारणा?"

मी ताईंकडे बघितलं नाही. मला वाडीच्या तोंडाशी बसलेली लताबाई दिसत होती.

"नाही, सर. जागेवरून मांडली नाही."

दुसरं काही बोलणं शक्यच नव्हतं. आज बरी बाई म्हणून सूट दिली, तर उद्या वाईट माणसाला कुठल्या तोंडाने अडवायचं? हे मला पटतं, तेव्हाही पटत होतं. तरी छातीत कुणीतरी जड पाटी ठेवल्यासारखं झालं. अध्यक्षांनी प्रश्न मताला टाकला. होयची लाट आली. ताई आपल्या जागेवर पोचल्या, तेव्हा खंड दोन विधेयकाचा भाग झाला होता.

सभागृह सुटल्यावर ताई माझ्याकडे आल्या नाहीत. कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. मी जवळ गेले, तर म्हणाल्या, "पन्नास पोरांच्या वर्गात कधी जागा चुकले नाही हो मी."  मी त्यांना पाणी आणून दिलं.

आता विधेयक आणणाऱ्या मंत्र्यांबद्दल सांगायला हवं. सुधारणेवर उत्तर द्यायला त्यांच्या विभागाने टिपण तयार करून दिलं होतं. सरकारला सुधारणा मान्य नाही, असा त्याचा अर्थ. ताई जागेवर असत्या, तर मंत्र्यांनी ते वाचलं असतं, आवाजी मतदान झालं असतं आणि सुधारणा पडली असती. एकदा सरकारने सभागृहात नाही म्हटलं की ते नाही भिंतीसारखं उभं राहतं. मग ते पाडायचं तर मंत्र्यांची अब्रू आड येते. पण मांडलीच नाही, त्यामुळे पडलीही नाही. टिपण मंत्र्यांच्या फाईलमध्ये न वाचताच राहिलं. सरकार अजून काहीच बोललं नव्हतं.

विधानसभेत संमत झालेलं विधेयक विधान परिषदेत जातं. तिथेही सुधारणा देता येते, आणि परिषदेने बदल केला तर विधेयक पुन्हा विधानसभेत येतं. परिषदेच्या बैठकीआधी दादा आमच्या शाखेत आले. एरवी कधी फिरकत नसत. परिषदेतल्या त्यांच्या पक्षाच्या सदस्याने सुधारणा द्यायची तर मुदत आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. मी आहे म्हटलं. त्यांनी खिशातून कागद काढला. ताईंचेच शब्द होते. मंत्र्यांशी बोलणं झालंय, असंही म्हणाले.

माझ्या चेहऱ्यावर प्रश्न उमटला असावा. दादा दारात थांबले.

"ती बाई शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, दादा, तुमच्या शेतात पेरणी कधी झाली? मला सांगता येईना. मी इथं शेतीवर भाषणं करतो. सातबारा माझ्या नावावर आहे. पण माझा बैल मला ओळखत नाही, माझ्या बायकोला ओळखतो."

परिषदेत मंत्र्यांनी मोठ्या मनाने सुधारणा स्वीकारली. विभागाने त्यात प्रत्यक्ष पाहणीची एक अट जोडली, तेवढं चालायचंच. विधेयक विधानसभेत परत आलं, त्या दिवशी सुषमाताई सकाळपासून आपल्या खुर्चीत बसून होत्या. चहाला उठल्या नाहीत, जेवायला उठल्या नाहीत. शेजारच्याने थट्टा केली, तर त्याच्याकडे वर्गातल्या पोराकडे बघावं तसं बघितलं. अध्यक्ष प्रश्न पुरता मांडायच्या आतच त्यांचा होय आला. अध्यक्ष हसले आणि त्यांनी प्रश्न पुन्हा मांडला. मग सगळीकडून होय आला. नाहीची लाट आलीच नाही. मी इतकी वर्षं त्या टेबलाशी डुलक्या घेत काढली, पण त्या दुपारी टक्क जागी होते आणि डोळ्यांत पाणी होतं.

नव्या सदस्यांच्या वर्गात मी पुढे कायम सांगायचे: आपली जागा सोडू नका. आणि सोडायचीच झाली, तर जाऊन कुणाशेजारी बसता ते बघून सोडा.

त्या संध्याकाळी मी लताबाईसमोर उभी राहिले आणि पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. आता कायद्याने तीही शेतकरी. अर्ज करता येईल, माणूस शेत बघायला येईल, ओटा मिळू शकेल.  जुडीवर पाणी मारायचं ती थांबली.

"सगळ्यांनी होय म्हटलं?" तिने विचारलं.

"सगळ्यांनी."

"नाय कोणीच बोललं नाय?"

"कोणीच नाही."

तिने पाण्याचा हात पदराला पुसला. हसली, पण पुरतं हसली नाही.

"सरकार बोललं मी शेतकरी. बरं झालं, बाय. घरात अजून कोण बोललं नाय."

घरातल्या त्या सुधारणेची नोटीस कुणाकडे द्यायची, हे आमच्या शाखेत कुणालाच माहीत नव्हतं.