बघू नका

जिन्यात फिनेलचा वास आला की माझा स्वमग्न मुलगा ओंकार तिथल्या लादीवर पालथा पडून किंचाळताना दिसतो. तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि भाईंदर पश्चिमेला आम्ही नवेच होतो. थेरपीच्या बाईंनी बजावलं होतं, "हट्टानं लोळायला लागला की कुणी बघायचं नाही, काही द्यायचं नाही. शांत झाला की लगेच जवळ घ्या."

आता हे अख्ख्या मजल्याला कोण शिकवणार? मीच. शेजारच्या जसुबेन दर वेळी बिस्किट घेऊन धावायच्या. "एक बिस्किट से क्या होता है?" समोरचे परबकाका म्हणायचे, "एक ठेवून द्या." घसा बसेपर्यंत दारोदार सांगत फिरले, बघू नका.

एका संध्याकाळी अखेर जमलं. जसुबेननी भिंतीकडे तोंड केलं, काका जिन्यातला विजेचा मीटर वाचत राहिले. ओंकार दमला, उठला आणि त्यानं आपणहून माझं बोट धरलं. केवढा आनंद झाला होता मला.

आता ओंकारला दाढी आलीय. परवा काकांच्या सुनेला जिन्यात विचारलं, "तासभर त्याच्याजवळ बसशील? मला दवाखान्यात जायचंय."

ती मीटर वाचायला लागली.