केरबा मेटकरीचं व्हिजिटिंग कार्ड

औषध कंपनीच्या माणसाचं निम्मं आयुष्य दवाखान्याबाहेरच्या बाकावर जातं. आत डॉक्टर पेशंट तपासतोय, बाहेर आपण मांडीवर बॅग घेऊन बसलोय. डावीकडे खोकला, उजवीकडे कुणाचं तरी ठणकणारं गळू. अशा जागी किस्से साचणार नाहीत तर काय होईल? माझ्याकडे तर पोत्यानं साचलेत.

सत्तरच्या दशकात सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मी आणि केरबा मेटकरीनं सांभाळले. आम्ही एम. आर., म्हणजे डॉक्टरांना भेटून कंपनीची औषधं त्यांच्या गळी उतरवणारे. मी लोणंदचा, पलटणीतून रिटायर झालेल्या सुभेदाराचा मुलगा. केरबा माण तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरातला, बी. एस्सी. झालेला. त्यांच्या घरात महिन्याला पगार आणणारा तो पहिलाच माणूस. कंपनी मुंबईची, टाय कंपनीचा, घाम मात्र आमचा!

*

मुंबईच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला आरशासमोर उभं केलं होतं. हसायचं किती, बॅग कुठल्या हातात धरायची, दारातून आत जाताना पाऊल कुठलं टाकायचं, सगळं ठरलेलं.

आमचे एरिया मॅनेजर प्रधानसाहेब. माणूस वाईट नव्हता, पण आमच्यात त्यांना एकच मोठा दोष दिसायचा. आम्ही आमच्यासारखे होतो! शेवटच्या दिवशी ते म्हणाले, "जंटलमेन, आपण कुठल्या गावचे, हे आजपासून विसरायचं."

केरबानं हात वर केला. "सर, गावच विसरलो तर एरियात जाणार कसा? तुमी मला माजाच तालुका दिलाय!"

सगळा हॉल हसला. साहेब तेवढे हसले नाहीत. केरबाचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं, साहेबांशी तो ते बोलूही शकला असता. पण कुणी गाव विसरायला सांगितलं की त्याच्या तोंडात गावच यायचं.

*

टायचं सांगतो. ऐन लग्नसराईत मी लोणंदहून फलटणच्या एस.टी.त बसलो होतो. गळ्यात टाय, पायात चकचकीत बूट, मांडीवर काळी चौकोनी बॅग. शेजारी एक आजी येऊन टेकली. तिनं मला खालून वर दोनदा न्याहाळलं.

"कुटं निगाला वाजवायला?"

"काय वाजवायला, आजी?"

"आरं, बेंड! पेटीत पिपाणीच हाय न्हवं?"

आमच्या भागात टाय घातलेला माणूस तेव्हा फक्त बँडपथकातच दिसायचा. मी तिला समजावून सांगितलं, की मी औषधाच्या कंपनीत आहे, डॉक्टरांना भेटतो, नवीन औषधांची माहिती देतो. आजीनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आसं व्हय! मग बेंडवाल्याचं सोंग कशापायी?"

मी टाय काढून खिशात घातला. दुसऱ्या दिवशी केरबाला सांगितलं, तर तो म्हणाला, "गड्या, म्हातारीला मॅनेजर करा!"

*

औषधाची माहिती इंग्रजीत पाठ करून धडाधड म्हणायची, याला डिटेलिंग म्हणतात. मधला एक शब्द गाळायचा नाही, एक जोडायचा नाही. सांगलीच्या एका डॉक्टरांपुढे मी सुरू झालो आणि अर्ध्यात पोहोचलो तोच विळ्यानं बोट कापलेला एक गडी आत आला. डॉक्टरांनी त्याला टाके घातले, पट्टी बांधली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पथ्य सांगितलं. मग हात धुऊन मला म्हणाले, "हं, कुठपर्यंत आलो होतो आपण?"

मी म्हटलं, "डॉक्टर, मला परत गुड मॉर्निंगपासून घ्यावं लागेल."

"आता दुपार झाली रे!"

"पाठांतर सकाळचं आहे, डॉक्टर!"

ते खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. मग म्हणाले, "बस. मराठीत सांग. काय देतं हे औषध, आणि माझ्या पेशंटला परवडणार का?" त्या दिवसापासून मी सांगलीत मराठीतच बोलत आलो. मुंबईला रिपोर्टमध्ये मात्र लिहायचो, डॉक्टर वॉज इम्प्रेस्ड. खोटं काय होतं त्यात?

*

एकदा कंपनीनं सांगलीच्या एका मोठ्या हॉटेलात डॉक्टरांना जेवण दिलं. पांढरे टेबलक्लॉथ, घडी घातलेले नॅपकिन, काटे-सुऱ्या. साहेबांनी आधी आम्हा दोघांना बाजूला घेऊन बजावलं, "काटा डाव्या हातात. मेटकरी, प्लीज!"

कोंबडी आली. सगळे डॉक्टर काट्यानं तंगडीशी झटापट करू लागले. एका बालरोगतज्ज्ञांची तंगडी ताटातून निसटून शेजारच्यांच्या मांडीवर गेली. केरबानं शांतपणे हात धुतले, बाह्या मागे सारल्या आणि तंगडी उचलली. साहेबांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात समोरच्या बड्या सर्जननी आपली सुरी ताटाबाहेर ठेवली. "दिवसभर हेच करतो हो मी! इथं तरी सुटका असू द्या." आणि त्यांनीही हातानं सुरुवात केली. दोन मिनिटांत सगळं टेबल हातानं जेवत होतं. शेवटी साहेब एकटेच काट्यानं वाटाणे टोचत राहिले.

*

हे सगळं हसण्यावारी गेलं. नावाचं मात्र गेलं नाही.

व्हिजिटिंग कार्डं छापायची वेळ आली तेव्हा साहेबांनी केरबाला मुंबईला बोलावून घेतलं. "मेटकरी, केरबा हे नाव कार्डावर कसं दिसेल? डॉक्टर हसतील तुम्हाला. आपण के. कुमार करू. स्मार्ट वाटतं." आणि कार्डं छापूनही टाकली! गुळगुळीत, उठावाची अक्षरं.

केरबानं तो गठ्ठा बॅगेत टाकला. एकही कार्ड त्यानं कुणाला दिलं नाही. डॉक्टरांकडे आत निरोप पाठवायचा तर साध्या चिठ्ठीवर स्वतःच्या हातानं लिहायचा, केरबा मेटकरी. ही बातमी मुंबईला पोहोचलीच. मला कन्फर्मेशन मिळालं, त्याचं प्रोबेशन वाढवलं. वर तंबी आली, पुढच्या मुदतीपर्यंत कुमार झाला नाहीत तर नोकरी विसरा.

मी घाबरून म्हणालो, "अरे, कार्डावरच तर आहे! घरात कोण तुला कुमार म्हणणार आहे? पगार येतोय तो बघ."

तो चिडला. माझ्यावर चिडलेला मी त्याला तेवढा एकदाच पाहिला. "तुजं नाव तुला फुकट मिळालं रं. माजं न्हाई. नोकरी गेली तर मेंढरं हायेत."

 मला मनापासून वाटलं, हा गडी जाणार, आणि त्याच्या जागी मुंबईहून कुणी तरी खराखुरा कुमार येणार.

*

दिवाळीनंतर साहेब केरबाबरोबर काम करायला आले. त्यांनी मलाही बोलावून घेतलं होतं. लोणंदचे दवाखाने आटोपून आम्ही तिघं खंडाळ्याच्या एस.टी.त बसलो. मध्येच गाडी थांबली. पुढे रस्ताभर मेंढरं! माणदेशातले कळप त्या दिवसांत चाऱ्यासाठी पश्चिमेला निघतात. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला.

तेवढ्यात खालून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "आरं केरबाऽऽ! केरबा हाय का त्यो?"

सगळी गाडी खिडकीकडे वळली. केरबाची आई! डोक्यावर पदर, हातात काठी, शेजारी घोड्यावर लादलेला संसार. साहेबांनी डोळे मिटून घेतले. केरबा उठला आणि टायसकट खाली उतरून भर रस्त्यात आईच्या पाया पडला. साहेबांनाही उतरावं लागलं, कारण केरबानं खालून हाक मारली होती, "सायेब, या. माजी आई."

आईनं कनवटीची पिशवी सोडून साहेबांच्या कपाळाला बिरोबाचा भंडारा लावला. पिवळं कपाळ आणि निळा टाय! आणि साहेबांनी, काय सुचलं कोण जाणे, सरळ विचारलं, "बाई, मुलाचं नाव असं का ठेवलंत हो?"

"आवं, ह्येच्या आदीची जगली न्हाईत," ती म्हणाली. "झाली की चार दिसांत जायाची. मग ह्यो झाला तवा सुपात केर घेतला आन् केरात ठिवला. म्हटलं, केर हाय ह्यो, कोन न्हेनार? आन् केरबाच नाव ठिवलं. न्हेनारा आला आसंल, बगून माघारी गेला."

 साहेब हळूच म्हणाले, "आणि हा जगला?"

"म्होरं उबा हाय की तुमच्या!" म्हणून ती हसली आणि मेंढरांमागं निघून गेली.

खंडाळ्यापर्यंत साहेब खिडकीबाहेर बघत बसले. कपाळावरचा भंडारा त्यांनी पुसला नव्हता. मला वाटलं, आता तरी विषय संपला. पण पंधरवड्यातच मुंबईचं पत्र आलं. हुकूम कायम होता. के. कुमार, नाहीतर राजीनामा. केरबानं कुमारच्या कार्डांचा अख्खा गठ्ठा पार्सल करून हेडऑफिसला परत पाठवला. सोबत एक ओळ, या नावाचा माणूस आमच्या जिल्ह्यात सापडला नाही.

*

आता शेवटचं.

केरबाची मुदत उन्हाळ्यात संपत होती. त्या आठवड्यात आम्ही साताऱ्यात स्टँडजवळच्या हॉटेलात चहा पीत बसलो होतो. उद्या-परवा राजीनामा मागणार हे ठरलेलंच होतं. केरबानं सॅम्पलची बॅगही रिकामी करून ठेवली होती. वरवर मजेत होता, पण चहा तसाच गार होत चालला होता.

समोर एक टॅक्सी थांबली. प्रधानसाहेब उतरले. टाय नाही, दाढी वाढलेली. मी उठून उभा राहिलो. केरबा बसूनच राहिला.

"मेटकरी," साहेब म्हणाले, "तुमची आई आता कुठे असेल?"

केरबाचे डोळे बारीक झाले. "कशापायी? तिचंबी नाव बदलायचं हाय का?"

 साहेबांनी टॅक्सीचं मागचं दार उघडलं. आत त्यांच्या मिसेस बसल्या होत्या, पुण्याला माहेरी बाळंतपणाला आलेल्या. कुशीत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं बाळ. मिसेस एवढंच म्हणाल्या, "आमची आधीची दोन्ही गेली हो."

केरबा ताडकन उठला. चहा तसाच टाकून ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला आणि मला म्हणाला, "चल गड्या." परतीचे कळप खंडाळ्याच्या आसपास बसतात हे त्याला माहीत होतं. 

कळप एका शेतात बसला होता. आईनं सगळं ऐकून घेतलं, कुणाला एक शब्द विचारला नाही. तिनं पालापुढची जागा झाडली, केर सुपात भरला, वर आपल्या घोंगड्याची मऊ घडी टाकली. "लेकरू कवळं हाय," म्हणाली. मिसेसनी बाळ तिच्या हातात दिलं. प्रतिजैविकं विकणारे आमचे एरिया मॅनेजर त्या सुपाकडे बघत हात जोडून उभे होते, आणि मेंढरं त्यांचे बूट हुंगत होती.

आईनं बाळाला सुपात ठेवलं, भंडारा लावला आणि वर बघितलं.

"काय नाव ठिवू, सायेब?"

साहेबांनी केरबाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"केरबा," ते म्हणाले. "आमच्या कंपनीत चालतं."