ढगळ झबलं

गल्लीत तिला सगळे दोराबाई म्हणत, कारण अंगावर कुठे ना कुठे दोऱ्याचा तुकडा चिकटलेला नाही असं कधी झालंच नाही. शिवणकाम तिचं. पुढच्या खोलीत मशीन आणि गिऱ्हाइकांसाठी उभा आरसा, मागच्या खोलीत शेगडी आणि अंथरूण. नवरा बोटीवर. वर्षाकाठी एकदा यायचा. एरवी त्या घरात बोलायचं काम मशीनच करी.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस गेले, तेव्हा ती हरखून गेली. गल्लीतल्या सगळ्या बाळांची झबली तिनंच शिवलेली. आता स्वतःच्या बाळाचं बेतलं: पिवळं, मऊ सुती, पाठीवर बंद, चांगल्या गुटगुटीत पोराच्या मापाचं.

पोट दिसू लागलं आणि ताप आला. आधी हुडहुडी, मग अंग भाजून निघायचं, मग घामानं चादर ओलीचिंब. दुसऱ्या दिवशी काहीच नाही! ती उठून मशीनवर बसायची. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

घरमालकीण काकू जिन्यातून डोकावल्या. "अगं, पोटुशी बाईचं असंच असतं. गोळ्याबिळ्या घेऊ नकोस हं, बाळाला बाधतील."

काकूंचं वैद्यकशास्त्र जिन्यातच सुरू होऊन जिन्यातच संपायचं. पण दोराबाईला ते पटलं, कारण तिला तेच ऐकायचं होतं. तिनं ताप अंगावर काढला. नवऱ्याचा फोन आला तेव्हा म्हणाली, "मी मजेत आहे. तुम्ही वेळेवर जेवता ना?" फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून रडली.

एका दुपारी तिला मशीनवरच घेरी आली. काकूंची पाचावर धारण बसली. त्यांनीच तिला दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, मलेरिया निघाला.

"इतके दिवस काय करत होतात?" नर्स कडाडली.

"औषधानं बाळाला काही होईल म्हणून..."

"अहो, औषधानं नाही, मलेरियानं होतं! नाळ जिथं चिकटलेली असते त्या वारेत जंतू जाऊन बसतात, बाळाचं पोषण तिथंच अडतं. आणि तुमच्या अंगात तरी रक्त कुठे राहिलंय?" मग तिचा चेहरा बघून नर्सचा आवाज उतरला. "आता गोळ्या पूर्ण घ्या. ताप गेला तरी सोडायच्या नाहीत."

तिनं घेतल्या. ताप गेला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली, इतकीशी, की रडली तर मांजराचं पिल्लू वाटावं. जगेल की नाही, कोणी छातीठोकपणे सांगेना. पिवळ्या झबल्यात ती हरवूनच गेली.

"आत घ्या की थोडं," नर्स म्हणाली, "तुम्हाला काय अवघड?"

"नको. तीच होईल त्याच्या मापाची."

घरी आल्यावर दोराबाई लेकीला ऊब मिळावी म्हणून उघड्या छातीशी धरून बसून राही. मशीनवर कापड टाकलेलं. ओशाळलेल्या काकू दारातूनच डबा ठेवून जात. लेक रडली की धास्ती, नाही रडली की त्याहून मोठी धास्ती, आणि ती वाटून घ्यायला घरात दुसरं माणूस नाही.

असेच दोन-तीन महिने गेले. एका सकाळी तिनं लेकीला झबलं चढवलं, बंद बांधले, आणि खांदा बरोबर खांद्यावर बसला. दोराबाई चटकन मागे वळली, कोणाला तरी दाखवायला. खोलीत कोणीच नव्हतं. मग ती लेकीला घेऊन गिऱ्हाइकांच्या आरशासमोर उभी राहिली आणि गिऱ्हाइकाला विचारावं तसं तिनं विचारलं, "बघा बरं, कुठे आवळत तर नाही ना?"