आमच्या चटणीचं प्रमाण

मी आणि माझी बायको पारू, दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते गेल्या उन्हाळ्यात. बावड्याच्या डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीवर, जाऊन वर्षाची चटणी कुटून आणली. पावसाळ्यात ती गेली. चटणी राहिली.

डंकावर मी दरवर्षी मोठ्यानं प्रमाण सांगायचो. ती मागं गप उभी. घरी चटणीत दर साली नवी खोड काढायचो, आणि पहिल्या घासाला तर नेहमीचंच ओरडायचो, "मीठ कमी हाय!"

"मग उठा आणि घ्या की!" पारू म्हणायची. (मी कधी उठलो नाही.)

यंदा बरणीचा तळ दिसला तशी सून सासूची आठवण काढत म्हणाली, "आबा, आत्तींचं प्रमाण सांगा, लिहून घेते."

"आत्तींचं कसलं? माझं हाय ते!" छाती काढून बोललो खरा, पण मनात म्हटलं, चुकलं तर पारूची चव घरातनं कायमची जाणार!

सगळं सामान घेऊन डंकावर गेलो, प्रमाण सांगितलं. डंकवाला बापू खो खो हसायला लागला.

"आबा, तुमच्या प्रमाणानं एकदाबी कुटलं न्हाय! काकी मागनं खुणा करायच्या."

"मग त्याच खुणा सांग की लेका!"

"दर साली निराळ्या! म्हणायच्या, ह्यांनी गेल्या साली जी खोड काढली, तेवढं बदल."

मिरच्या तर डंकात पडलेल्या! मग म्हटलं, खोडी काढणं तरी आपल्याला येतंय.

"थांबव, चाखतो! लसूण कमी." बापूनं लसूण टाकला. "तीळ कुठं हायत?" तीळ टाकले. "खोबरं घाल अजून, हात आखडू नको!"

मागं बायकांची रांग खवळली. "म्हातारं हाय का सासू? आमची पाळी कवा यायची?"

सातव्या चिमटीला कान तापले, नाक वाहायला लागलं. आणि जीभ गप बसली. काढायला खोडच सापडेना!

"हीच!" मी म्हणालो. डोळ्यांचं पाणी काही थांबेना.

"तिखट लागलं जणू," एक बाई म्हणाली.

"व्हय," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं भाकरी आणि चटणी पुढ्यात ठेवली. चव अगदी तीच. सवयीनं ओरडलो, "मीठ कमी हाय!"

"मग उठा" म्हणायला पारू नव्हती. मग मीच उठलो आणि मीठ घेतलं. चटणी खारट ढोण झाली, आणि ती मी मुकाट खाल्ली. खोड काढायला तोंड कुठं होतं!