लोणारची सात देवळं

महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली होती. वर्तमानपत्रासाठी लोणारच्या जुन्या देवळांवर लिहायला गेलो, तेव्हा सरोवराकाठी तो भेटला. यात्रेकरूंना देवळं दाखवणं हे त्याचं काम. उंबऱ्यापाशी टोपी काढून काखेत धरायचा आणि शेजाऱ्याची करून द्यावी तशी देवाची ओळख करून द्यायचा.

त्या दिवशी त्याच्यामागे एक म्हातारी होती. नातू दुखण्यातून उठला, तर सात देवळांचं दर्शन घेईन, असा नवस ती बोलली होती. चौथ्या देवळाचं दर्शन झालं आणि तिचे गुडघे थांबले. त्याने तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि छोटा वळसा घालून त्याच देवळात दुसऱ्या दाराने आणलं.

"माय, हे पाचवं," तो गंभीरपणे म्हणाला.

मी त्याला बाजूला घेतलं. "हे तर मघाचंच देऊळ."

"बुढीचे पाय चालत नाही, साहेब. म्हून बाकीचे देव मीच इथं बोलावले."

सहावं तिथेच झालं. सातव्याला म्हातारीने हात जोडले आणि आम्हा दोघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

"देवा, आज तुह्याकडं चौथ्यांदा आली. बाकीच्याइले तूच सांगजो."