नऊ मार्चचे पुडके

कोऱ्या नोटांचे पुडके कानाजवळ धरून अंगठ्याखालून सोडले, की एक आवाज होतो. कबुतर दचकून उडावे तसा, पण त्याहून कोरडा. मागोमाग वास येतो: वर शाईचा आंबटपणा आणि त्याखाली कांजी दिलेल्या सुताचा ओळखीचा दर्प. कामतघरच्या आमच्या गल्लीत चारी बाजूंनी लूमचा, यंत्रमागांचा, खडखडाट असे. त्या खडखडाटातून हा एवढासा आवाज मला वेगळा ऐकू येई आणि कळे, की दारात मामा उभा आहे.

"वास घे, बाय," तो म्हणे. "कागद नाय तो, कापूस हाय. आपल्या लूमवरच्या सुताचा भाऊ."

मामा एका सूतव्यापाऱ्याकडे रोखपाल होता. कारागिरांच्या पगारासाठी बँकेतून नवी पुडकी तोच आणी आणि वाटण्याआधी प्रत्येक नोटेचा नंबर पाही. सगळे आकडे सारखे असलेली, उलट वाचली तरी तीच राहणारी, पायऱ्यांसारखी चढत जाणारी नोट दिसली, की ती खिशात जाई आणि तिच्या जागी मामाची स्वतःची, चुरगळलेली, तितक्याच किमतीची नोट बसे. सातशे शहाऐंशीच्या नोटा मात्र तो ईदला गावी निघालेल्या कारागिरांसाठी राखून ठेवी. बाजारात त्यांचे चौपट पैसे येतात, असे कोणी सांगितले तर म्हणे, "बरकत विकायची नसती." गल्लीने त्याला नंबरी मामा असे नाव ठेवले होते. त्यातली चेष्टा त्याला कळत असे, आणि आवडतही असे.

त्याच्या संग्रहातल्या एका प्रकारच्या नोटांची मला लहानपणापासून भीती वाटे. त्यांच्या नंबरात एक बारीक चांदणी छापलेली असते. छापताना एखादी नोट बिघडली, की ती फाडून टाकतात आणि तिच्या जागी चांदणीची नोट घालतात, हे मला त्यानेच समजावले होते. "बदली ड्युटी," तो म्हणाला होता. "हिच्या आधी कोनतरी गेलेलं असतं." तेव्हापासून आभाळातल्या चांदण्यांकडेही मी काही दिवस जरा संशयानेच पाहत होते.

पण त्याची खरी ओळख होती ती जन्मनोटेमुळे. नोटेवर सहा आकडे असतात. दोन दिवसाचे, दोन महिन्याचे, दोन सालाचे. नात्यात, शेजारात मूल जन्मले, की मामा त्या तारखेची नोट शोधायला लागे. कधी ती बारशाला हाती येई, कधी मूल शाळेत जाऊ लागल्यावर. माझी नोट मला चौथीत मिळाली. दहाची, मोरपिशी कागदात गुंडाळलेली. देताना त्याने सगळ्यांना सांगितलेलेच मलाही सांगितले, की मोडायची नाही, काही झाले तरी मोडायची नाही.

माझ्या मावसभावाने, नीलेशने, ती मोडली. पडघ्याला हायवेवर गाडीतले पेट्रोल संपले, खिशात दुसरे काही नव्हते, म्हणून जन्मनोट पंपावर दिली. परतताना वळणावर ट्रकने त्याला उडवले. जीव वाचला, डावा पाय गुडघ्यात कायमचा ताठ राहिला. मामा त्याला पाहायला आला, बराच वेळ पलंगाशी बसला, रागावला नाही. उठताना फक्त पायावरची चादर सारखी केली. त्या दिवसानंतर आमच्या घरांत कुणी त्या नोटांची थट्टा केली नाही. माझी आई आमची कपाटे आवरताना नोट जागेवर आहे ना, हे चाचपून पाही.

पुढे नवीन नोटा आल्या. त्यांच्या नंबरातले आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. मामाला ते फार सुंदर वाटे. मला वाटे, लांबून कुणी आपल्या दिशेने चालत येते आहे.

साऱ्या गोताला जन्मनोटा देणाऱ्या मामाला स्वतःची मात्र कधी सापडली नव्हती. नऊ मार्च, छप्पन. मामी त्यावरून टोमणा मारी, की ह्यांचा जन्म झालाय याला काही पुरावा नाही. तो सत्तरीला टेकला, पगार बहुतेक खात्यात जमा होऊ लागले, बँकेतून येणारी पुडकी कमी झाली, आणि मग एका हिवाळ्यात, अवचित, ते पुडके आले. शून्य नऊ, शून्य तीन, आणि पुढे एकपासून चढत जाणारे आकडे. शंभर नोटांत एकाच दिवसाची सगळी साले. मामाने छप्पनची नोट काढली. आणि मग, का कोण जाणे, आणखी एक काढली. एक्केचाळीसची. बाकीचे पुडके पगारात वाटले.

त्याच आठवड्यात त्याच्या इमारतीवर पालिकेची नोटीस लागली. तळमजल्यावर लूम, वर दोन मजले बिऱ्हाडे, जिन्याच्या भिंतीत हात जाईल अशी भेग. दारावर लाल रंगात 'धोकादायक' लिहून गेले. एकेक बिऱ्हाड उठले. मामाच्या मुलाने शेलार गावात दोन खोल्या बघून ठेवल्या, टेम्पो सांगितला, दोनदा परत पाठवला. मामा हलेना. त्याने दोन्ही नोटा प्लास्टिकच्या एकाच पाकिटात शेजारी शेजारी ठेवल्या होत्या आणि कुणी काही बोलले, की तो पाकीट पुढे करी. ही आल्याची, ही जाण्याची, दोन्ही देवाने दिल्या. छप्पन ते दोन हजार एक्केचाळीस, पंच्याऐंशी वर्षे. तोवर भिंतीला सांगा थांबायला.

मामीने मला बोलावून घेतले. म्हणाली, मामा तुझे ऐकतो. मी दुपारी गेले. जिना चढताना पायऱ्यांतून लूमची थरथर पोटरीत शिरत होती. वरच्या रिकाम्या खोल्यांची दारे कड्या नसल्यामुळे आपोआप हलत होती. मामीने पाणी दिले; पेल्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळे उठत होती आणि कडेला पोचण्याआधी पुन्हा उठत होती. छतातून चुना गळत होता, पिठासारखा, आवाज न करता. मामाने पाकिटावरची धूळ बोटाने पुसली. क्षणाने ती पुन्हा होती.

मी भेगेबद्दल बोलले, नातवंडांबद्दल बोलले, मामीच्या दम्याबद्दल बोलले. तो ऐकत होता आणि मधूनच पाकिटाकडे पाहून मायेने हसत होता. माणूस समोर बसलेला असावा आणि दार आतून लावलेले असावे, तसे ते हसणे होते.

मामी चूल आवरत होती. मागे न वळता तिने विचारले, "आन् मधल्या?"

"कुठल्या मधल्या?"

"छप्पनची हितं हाय. एक्केचाळीसची हितं हाय. मधल्या पन त्याच पुडक्यात व्हत्या ना? त्या कुठं गेल्या?"

"पगारात गेल्या."

"या येत्या मार्चची?"

मामाचे पाकिटावरचे बोट थांबले. खालचे लूम चालूच होते.

"ती पन तुमच्याच हातात आली व्हती," मामी म्हणाली. आता ती वळली होती; हात राखेने भरलेले होते, आवाज मुळीच चढलेला नव्हता. "ती दिली उचलून कारागिराला. आन् लांबची ठेवली खिशात. मग देवानं दिली म्हनून काय सांगता लोकांना? तुमी काढून घेतली."

त्याने पाकीट उलटे केले, सुलटे केले. आयुष्यभर पुडकी तपासणारा तो माणूस पहिल्यांदाच काढलेल्या नोटा सोडून गेलेल्या नोटांचा विचार करत असावा. त्या कुठल्या खिशांत, कुठल्या चहाच्या गल्ल्यात, कुणाच्या उशीखाली असतील. त्याच्या ओठांवर चुन्याची पांढरी रेघ बसली होती. ती त्याने पुसली नाही.

"टेम्पोला सांग," तो मला म्हणाला.

शेलारला त्याला झोप लागेना. लूमचा आवाज नव्हता. भिंतीवर तळवा टेकवून तो थरथर शोधत बसे. नऊ मार्च आला. मामीने शेवयांची खीर केली, सुनेने ओवाळले, संध्याकाळ झाली, दिवस गेला. मामाने त्या दिवशी कुणालाच नजर दिली नाही. मला वाटले, नोटांचे ते भय आता संपले.

उन्हाळ्यात एका शुक्रवारी, लूमना सुट्टी असताना, भर दुपारी इमारत बसली. पडली म्हणावे असा आवाजही फार झाला नाही, असे समोरचा पानवाला सांगत होता. दमलेल्या माणसाने खाली बसावे तशी ती बसली. आत कुणी नव्हते. मी पाहायला गेले, तेव्हा ढिगाऱ्यावर धूळ अजून तरंगत होती, तिला चुन्याचा आणि सुताचा वास होता, आणि मामाच्या खोलीची हिरवी भिंत उघड्या आभाळात एका खिळ्यासकट उभी होती. ती तारीख कुठल्या नोटेवर असेल, हे शोधायचे कुणाच्या मनात आले नाही.

शेलारला पोचले, तर बातमी माझ्याआधी आली होती. मामा ओट्यावर बसला होता. मामी शेजारी शेंगा सोलत होती, रोजच्यासारखी, फक्त बोटे थोडी हळू. मी जवळ बसले. मामाने खिशातून पाकीट काढले, छप्पनची नोट मामीच्या परातीत ठेवली आणि एक्केचाळीसची माझ्या तळहातावर. ती अजून कोरी होती, अजून करकरीत. मी सवयीने तिचा वास घेतला. मग त्याने माझी बोटे तिच्यावर मिटवली आणि म्हणाला,

"मोड."